कार्डांची सेवाज्येष्ठता

रविवारी दुपारी सव्वातीनला जेवणाच्या टेबलावरून सूनबाईची हाक आली, "बाबा, जरा येता का? एक निकाल द्यायचाय."

अधीक्षक तेव्हा आतल्या खोलीत सकाळीच सोडवून झालेलं शब्दकोडं पुन्हा तपासत होते. 'निकाल' हा शब्द कानावर पडला आणि त्यांनी चष्मा पुसला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मगच ते खोलीबाहेर आले. आस्थापना विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. रजा, बदली, बढती, कुठला नियम कुठल्या पानावर आहे हे विचारायला लोक तीन मजले चढून त्यांच्या टेबलापाशी येत. आता निवृत्त होऊन चौदा महिने झाले होते आणि एवढ्या काळात त्यांना घरात विचारला गेलेला सगळ्यात गहन प्रश्न 'गॅस बंद केला का' हा होता.

सूनबाईशी तर त्यांचं बोलणं म्हणजे दोन कार्यालयांमधला पत्रव्यवहार. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. सूनबाई दातांची डॉक्टर, दिवसभर दवाखान्यात. ती "बाबा, चहा ठेवू?" विचारी, हे "चालेल" म्हणत. हे "आज उशीर होईल का?" विचारत, ती "नाही बाबा" म्हणे. तीन वर्षांत मतभेद म्हणून झाला नाही. नातेवाइकांना हेवा वाटायचा. अधीक्षकांच्या बायकोला मात्र वाटत नसे. ती म्हणायची, "अहो, हे घर आहे का वेटिंग रूम?" आणि हे अधीक्षकांना लागायचं, कारण खरं होतं. सून त्यांना मनापासून आवडायची. पण आवडत्या माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी याचं परिपत्रक काही त्यांच्या हाती कधी आलं नव्हतं.

टेबलावर पत्ते पसरले होते आणि समोर एक शांत चेहऱ्याचा माणूस बसला होता. हा लिफ्ट दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडे, त्यातून ओळख झालेली. दोघांनाही एकच व्यसन.

"पत्ते खेळताय होय," अधीक्षक म्हणाले.

"पत्ते नाही बाबा, कार्डं." सूनबाईने समजावून सांगितलं. पाकिटांमधून ही कार्डं मिळतात, हजारो प्रकारची. ज्याने त्याने आपापली जमवायची, त्यातून आपला संच बांधायचा आणि लढायचं. गंमत अशी की प्रत्येक कार्डावर त्या कार्डाचा स्वतःचा नियम छापलेला असतो. दोन कार्डं एकमेकांसमोर आली की दोन नियम एकमेकांसमोर येतात, आणि मग भांडणं होतात.

प्रत्येक कागदावर स्वतःचा नियम! अधीक्षकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. असं काही जगात आहे हे त्यांना चौदा महिन्यांपूर्वीच कुणी सांगायला हवं होतं.

भांडण असं होतं. तंत्रज्ञाने 'वीज' टाकली. वीज समोरच्या खेळाडूवर पडते. पण सूनबाईकडे 'आरसा' होता, आणि आरशावर लिहिलेलं, 'तुमच्यावर आलेला वार समोरच्यावर परतवा.' वार परतला. पण तंत्रज्ञाकडेही आरसा होता. त्याने तो परत परतवला. आता ही वीज गेली वीस मिनिटं जेवणाच्या टेबलावरून इकडून तिकडे फिरत होती आणि ती पडायची कुणावर ते ठरत नव्हतं.

"ज्याची पाळी असेल त्याने ठरवायचं, असं मी ऐकलंय," तंत्रज्ञ हळूच म्हणाला. तो सगळंच हळूच म्हणायचा.

"कुठे ऐकलंत?"

"असंच. कुणीतरी म्हणत होतं."

"ऐकीव," अधीक्षक म्हणाले. "लेखी आधार?"

लेखी आधार होता. नियमपुस्तिकेची नवी आवृत्ती नुकतीच निघाली होती. कार्डांच्या दुकानात तिची एकच प्रत आलेली आणि ती सूनबाईने वाचायला म्हणून आणून न वाचता ठेवली होती. या खेळातले लोक पुस्तिका वाचत नाहीत, एकमेकांना विचारून शिकतात. अधीक्षकांनी पुस्तिका ताब्यात घेतली, "निकाल राखून ठेवतो" म्हणाले आणि आत गेले.

आत जाऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती पुस्तिकेला कव्हर घालण्याची. खाकी कव्हर नसलेलं नियमपुस्तक त्यांना उघडंबोडकं वाटायचं. कात्री आणली, खळ केली आणि कव्हराच्या घड्या आत वळवून अशा पक्क्या चिकटवल्या की पुस्तिका फाटेल पण कव्हर निघणार नाही. वर सुवाच्य अक्षरात शीर्षक घातलं. मग वाचायला बसले. दोन दिवसांत पुस्तिकेची तीन पारायणं झाली. आरशासमोर आरसा आला तर काय, हे कुठेही नव्हतं.

जिथे नियम गप्प बसतो तिथे अनुभवी माणूस बोलतो. मंगळवारी संध्याकाळी सूनबाई दवाखान्यातून आली तेव्हा तीन पानी निकाल तयार होता. सार एवढंच की दोन्ही आरसे एकाच पदावरचे, एकाच अधिकाराचे. अशा वेळी सेवाज्येष्ठता पाहायची. जो आरसा टेबलावर आधी रुजू झाला तो वरिष्ठ. वरिष्ठाने परतवलेला वार कनिष्ठाने परतवायचा नाही.

"कनिष्ठाने वरिष्ठाचा शेरा परत पाठवला की फाईल फिरत राहते," अधीक्षक म्हणाले. "इथे वीज फिरतेय, एवढाच फरक."

सूनबाईने ते वाचलं आणि हसली. तीन वर्षं ते तिचं पाहुण्यांसमोरचं हसू पाहत होते. हे वेगळं होतं, खुर्चीला पाठ टेकवून, डोळ्यांतलं पाणी पुसत. "बाबा, हे भारी आहे," ती म्हणाली. तिचा आरसा आधी आलेला होता, त्यामुळे ती जिंकलीही होती. पण हसली ती त्यासाठी नाही, असं अधीक्षकांनी ठरवून टाकलं. त्या आनंदात ते घरातल्या घरात दोन तास इस्त्रीचा शर्ट घालून फिरले.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण शहाण्या माणसाचं कधी थांबायचं हेच चुकतं.

कार्डांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदार गुबगुबीत आणि भांडणांना कंटाळलेला. दर रविवारी त्याच्याकडे वीसेक माणसं खेळायला जमत आणि दर रविवारी कुणीतरी टेबल उलटवून निघून जाई. तीन पानी निकालाची बातमी त्याच्या कानावर गेली तेव्हा तो स्वतः घरी आला आणि म्हणाला, "साहेब, आमच्याकडे पंच म्हणून या."

'साहेब'. चौदा महिन्यांनी. अधीक्षकांनी विचार करायला वेळ मागितला आणि दुकानदार जिन्यात पोचायच्या आत होकार कळवला.

पहिल्याच रविवारी त्यांनी नोंदवही आणली. कुठलं कार्ड किती वाजून किती मिनिटांनी टेबलावर रुजू झालं, याची नोंद. आक्षेप लेखी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. मग सुनावणी. पूर्वी वीस मिनिटांत संपणारा सामना आता दोन तास चालू लागला. एक गृहस्थ समोरच्याचा आक्षेप विचाराधीन असताना केस कापून आले, तरी तो विचाराधीनच होता.

पण निकाल असे की ऐकत राहावं. मेलेलं कार्ड 'पुनर्जन्म' टाकून परत आलं, तर त्याची आधीची सेवा धरायची का? अधीक्षक म्हणाले, त्याच पाळीत परतलं तर सेवेतला खंड क्षमापित, नाहीतर नव्याने नेमणूक. तीन डोक्यांचा राक्षस एक धरायचा की तीन? "पद एक, डोकी तीन." समोरच्याचं कार्ड जादूने आपल्याकडे ओढून घेतलं तर ते कुणाचं? "ही प्रतिनियुक्ती झाली. ज्येष्ठता मूळ विभागातच राहील." माणसं पुढे येऊन ऐकायची. टेबल उलटणं बंद झालं, कारण उलटवायला लेखी परवानगी लागेल अशी सगळ्यांना भीती होती.

मग तळमजल्यावरच्या वकिलांना हे कळलं. वकील प्रॅक्टिस सोडून बसले होते, पण सल्ला सोडला नव्हता. जिन्यात गाठून म्हणाले, "तुमच्या निकालावर अपील कुठे आहे? ज्यावर अपील नाही त्याला निकाल म्हणत नाहीत, दमदाटी म्हणतात." अधीक्षकांना ते पटलं आणि वकील अपील प्राधिकारी झाले. त्यांना कार्डांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांच्या मते त्यामुळेच त्यांचं मन निर्मळ होतं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा जिन्यात उभे. "तुमची सून खेळते आणि तुम्ही पंच? हितसंबंध जाहीर केलेत?"

अधीक्षकांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर कागद लागला, 'सदर पंच हे सदर खेळाडूचे सासरे असून...' वगैरे. आठवडाभर बाजारातले लोक सूनबाईला "काय सदर खेळाडू, कशा आहात?" विचारत होते. दुकानात शिरल्यावर अधीक्षक तिला 'खेळाडू क्रमांक सात' म्हणू लागले. तिने पाणी हवं का विचारलं तर स्वीकारावं की नाही याचा विचार करत.

"वेटिंग रूम होती, तिचं कोर्ट झालं," बायको म्हणाली. "हीसुद्धा प्रगतीच म्हणायची."

आणि खरोखर होती. कारण दुकान घरापासून वीस मिनिटांवर. जाताना वीस, येताना वीस, दर रविवारी चाळीस मिनिटं सासरा आणि सून बोलत चालायचे. आधी कार्डांबद्दल, मग दाढ काढताना उठून पळालेल्या पेशंटबद्दल, मग जहाजावरून फोन आला की नवरा हवामानाशिवाय काही बोलतच नाही याबद्दल. "तो माझ्यावर गेलाय," अधीक्षकांनी कबूल केलं. एकदा ती म्हणाली, "बाबा, चार वर्षं झाली मी खेळतेय. दर वर्षी उपांत्य फेरीत हरते. एकदा, फक्त एकदा, इथली स्पर्धा जिंकून मोठ्या स्पर्धेला जायचंय. तिथे जाऊन पहिल्याच फेरीत हरले तरी चालेल."

यंदा लक्षणं चांगली होती. तिने सगळा संच नव्याने बांधला होता आणि त्याचा पाया होता सेवाज्येष्ठता. पहिल्याच पाळीला आरसा टेबलावर ठेवायचा. एकदा तो वरिष्ठ झाला की कुणाची माय व्याली नव्हती त्याला हात लावायला. दोन महिन्यांत त्या निकालाने, तिचे आणि इतरांचे मिळून, अकरा सामने निकाली लागले. आणि ती अंतिम फेरीत पोचली.

समोर कोण, तर तोच तंत्रज्ञ. त्याच्या नशिबी आरसा नेहमी उशिरा यायचा. तरी गडी एकेक पायरी चढत आला होता.

अंतिम सामना रविवारी सकाळी अकराला. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. वकील अपिलाच्या तयारीने टाय लावून आले होते. दीड तास दोघं तोडीस तोड खेळले, आणि मग तंत्रज्ञाने शेवटची वीज टाकली. जिच्यावर किंवा ज्याच्यावर पडेल तो संपला. सूनबाईचा आरसा टेबलावर. तंत्रज्ञाचाही. सूनबाईचा अकरा वाजून दोन मिनिटांनी रुजू, त्याचा अकरा चाळीसला.

लोक गालात हसले. निकाल सगळ्यांना पाठ होता. दुकानदाराने मोठ्या स्पर्धेला पाठवायचा विजेत्याचा अर्ज काढून पेनाचं टोपणसुद्धा उघडलं. राहिला होता फक्त अधीक्षकांचा रिवाज. निकालाआधी ते पुस्तिका हातात घेत आणि 'या बाबतीत पुस्तिका मौन आहे' असं मोठ्याने सांगत. त्यांनी पुस्तिका घेतली. दोन महिने हाताळून कव्हराची मागची घडी कोपऱ्यात सुटली होती. त्या सुटलेल्या कोपऱ्याखाली छापील अक्षरं होती.

अधीक्षकांनी पुस्तिका मिटली. "दहा मिनिटांचा अवकाश," ते म्हणाले आणि दुकानामागच्या सामानाच्या खोलीत गेले.

तिथे एका खोक्यावर बसून त्यांनी फूटपट्टीने घडी सोडवली. मलपृष्ठाची आतली बाजू. 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न.' चौथा प्रश्न, दोन आरसे समोरासमोर आले तर? उत्तर, ज्याची पाळी चालू आहे तो खेळाडू वार कुणावर थांबवायचा ते ठरवेल. शेजारी दोन आरशांचं चित्रही होतं, न वाचणाऱ्यांसाठी. पाळी तंत्रज्ञाची होती.

तंत्रज्ञ पहिल्या दिवशी म्हणाला होता ते शब्दशः हेच. आणि त्यांनी त्याला 'ऐकीव' म्हणून गप्प बसवलं होतं. स्वतःच्या हाताने नियमावर खळ फासून.

वकील मागोमाग आत आले. त्यांनी वाचलं, टाय सैल केला, दार लोटून घेतलं. "घाबरू नका. सुधारणा जाहीर करा, पण पूर्वलक्षी प्रभाव देऊ नका. चालू सामना जुन्या निकालाने. सुधारणा उद्यापासून लागू. शंभर टक्के कायदेशीर."

हे अधीक्षकांना वकिलांनी सांगायची गरजच नव्हती. 'पुढील दिनांकापासून लागू' हे वाक्य त्यांनी नोकरीत इतक्यांदा लिहिलं होतं की पेन ते आपोआप लिहायचं. दाराच्या फटीतून त्यांना टेबल दिसत होतं. सूनबाई हात मांडीवर ठेवून बसली होती आणि हसू येऊ नये म्हणून ओठ चावत होती. समोर तंत्रज्ञ रुमालाने एकेक कार्ड पुसून डबीत ठेवत होता. हरलो हे त्याने गृहीतच धरलं होतं. तक्रार नाही, आक्षेप नाही, नमुना 'क' नाही.

अधीक्षकांना खरी भीती इज्जतीची नव्हती. इज्जत जाणारच होती, ती जाताना दिसतच होती. भीती होती ती घरी जातानाच्या वीस मिनिटांची. ती म्हणेल, 'ठीक आहे बाबा.' उद्या विचारेल, 'चहा ठेवू?' हे म्हणतील, 'चालेल.' आणि संपलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. ते लावलेलंच होतं.

बाहेर येऊन ते उभ्यानेच बोलले. "पुस्तिका मौन नाही. मौन मी केलं होतं, कव्हर चिकटवून." त्यांनी चौथा प्रश्न वाचून दाखवला. चित्रही फिरवून दाखवलं. "हे तंत्रज्ञांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते बरोबर होते, मी चूक होतो. मागच्या अकरा सामन्यांत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची मी घरोघर जाऊन माफी मागेन. हा सामना छापील नियमाप्रमाणे. वार कुणावर, ते तंत्रज्ञ ठरवतील."

दुकानदाराने पेनाचं टोपण लावलं.

"साहेब, राहू द्या," तंत्रज्ञ हळूच म्हणाला. "असू दे की तसंच."

"असू देता येत नाही. सांगा."

तंत्रज्ञाने डबीतलं एक कार्ड परत बाहेर काढलं, जागेवर ठेवलं, सूनबाईकडे अपराध्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "मग... तुमच्यावर."

सूनबाई उठली, त्याच्याशी हात मिळवला, आपली कार्डं गोळा केली. सगळं अगदी व्यवस्थित. अधीक्षकांना ते बघवेना.

परतीच्या वाटेवर पहिली दहा मिनिटं ती कार्डांची डबी हातात घट्ट धरून समोर बघत चालत होती. अधीक्षक अर्धं पाऊल मागून चालत होते आणि 'ठीक आहे बाबा'ची वाट बघत होते. चष्म्याच्या दुकानापाशी ती थांबली.

"कव्हर का घातलंत?"

"सवय आहे."

"खेळाच्या पुस्तकाला कोण कव्हर घालतं, बाबा? आणि घालायचं तर घाला. खळ? अख्ख्या घडीला? चार बोटं लावून भागलं नसतं?" ती चालायला लागली, पण आता वेगाने, आणि बोलणं त्याहून वेगाने. "चार वर्षं मी थांबले. सगळा संच मोडून तुमच्या त्या सेवाज्येष्ठतेवर बांधला. तो बिचारा पहिल्या दिवशी सांगत होता तर मी त्याला हसले, तुमच्या भरवशावर. आणि तो दहा मिनिटांचा अवकाश. मला वाटलं तुम्हाला चक्कर आली, मी उठून येणार होते आत. आणि दारावरचा तो कागद. 'सदर खेळाडू'. माझे पेशंट मला सदर म्हणतात."

ती कोपऱ्यावर बोलली, जिन्यात बोलली, चपला काढताना बोलली. तळमजल्यावर वकिलांनी दार किलकिलं केलं आणि तिचा चेहरा बघून लगेच लावून घेतलं. घरात शिरल्यावरही थांबली नाही. अधीक्षकांची बायको हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच चौकटीला टेकून ऐकत राहिली.

"तुम्ही बरोबर केलंत ते कळतंय मला," सूनबाई म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते. "त्याचाच जास्त राग येतोय. चुकीचं वागला असतात तर निदान धड भांडता आलं असतं."

अधीक्षकांना काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांना सुचलं ते असं, "सूनबाई, तुझा जो काही आक्षेप आहे तो जर लेखी..."

"बाबा, गप्प बसा."

खोलीतले तिघंही जागच्या जागी थबकले. या घरात असं वाक्य अजून कुणी उच्चारलं नव्हतं. अधीक्षकांना चौतीस वर्षांत कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी तीन दिवसांत खुलासा मागवला असता. सूनबाई आता 'सॉरी' म्हणेल, म्हणून ते वाट बघत राहिले. ती म्हणाली नाही. तिने नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि कार्डांची डबी टेबलावर रिकामी केली.

"आणि बसा इथे समोर. सगळे आरसे काढून संच पुन्हा लावायचाय, आणि ते चुकलंय ते तुमच्यामुळे, तेव्हा तुम्हीच मदत करायची."

अधीक्षक बसले. ओठ घट्ट मिटून बसले, कारण आत्ता हसू दिसलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं, आणि त्यांची त्यालाही तयारी होती.

"झालं का गं भांडण?" बायकोने दारातून विचारलं. "पानं घ्यायची म्हणून विचारतेय."

"नाही आई," सूनबाई म्हणाली. "अजून बरंच आहे."

अधीक्षकांनी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.